कामेतला निघण्यापूर्वी

रविवार उजाडला की पाठीला पिशवी लावून राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशी भटकंती करणाऱ्या तरुणांच्या कंपूत कधी ना कधी हिमालयाचा विषय निघतोच. एखादा उत्तरकाशीला किंवा मनालीला महिनाभराचे प्रशिक्षण घेऊन आलेला असतो, एखादीने सहा हजार मीटरचे शिखर गाठलेले असते, आणि मग चहाच्या तिसऱ्या कपाबरोबर कोणीतरी म्हणतो, "आता सात हजारी!" त्या सात हजारींच्या यादीत एक नाव पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे कामेत.

गढवालमध्ये नंदादेवीच्या खालोखाल उंच असलेले हे शिखर ७,७५६ मीटर उंचीचे आहे. तिबेटच्या सीमेलगत, सभोवार अबी गामिनसारखे तोलामोलाचे सोबती घेऊन ते उभे आहे. बद्रीनाथला जाणाऱ्या लाखो यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असते. औलीच्या उतारावरून स्वच्छ हवेच्या सकाळी उत्तरेकडे ते दिसते खरे. पण हा डोंगर कोणता, असे सहसा कोणी विचारत नाही. एव्हरेस्टसारखा त्याचा गाजावाजा नाही, पायथ्याशी उपाहारगृहे नाहीत, दोर लावून वाट तयार ठेवणारी माणसे नाहीत. तेथे जे न्याल तेच तेथे असेल आणि जे टाकून याल तेही तेथेच राहील. म्हणूनच या मोहिमेचे यशापयश शिखराच्या शेवटच्या उतारावर जितके ठरते, तितकेच सहा-आठ महिने आधी घरातल्या टेबलावर, वही आणि वजनकाट्याशेजारी ठरत असते.

लेवाचे पाऊल

कामेतकडे गिर्यारोहकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सी. एफ. मीड हे इंग्रज गिर्यारोहक या डोंगराच्या मागेच लागले होते. १९१३ साली ते कामेत आणि अबी गामिन यांच्यामधल्या, ७,१०० मीटरहून अधिक उंचीच्या खिंडीपर्यंत पोचले. ती खिंड आजही 'मीड्स कोल' या नावाने ओळखली जाते. १९२० मध्ये अॅलेक्झांडर केलास आणि हेन्री मोर्सहेड त्याच वाटेने त्या उंचीपर्यंत गेले आणि थंडीपुढे हात टेकून परतले. अतिउंचीवर माणसाच्या शरीराचे काय होते, याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी केलास हे एक होते, हे येथे आवर्जून सांगायला हवे.

२१ जून १९३१ रोजी फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, आर. एल. होल्ड्सवर्थ आणि त्यांच्याबरोबरचा शेर्पा लेवा हे शिखरावर पोचले. त्या दिवसापर्यंत माणसाने सर केलेले ते जगातले सर्वांत उंच शिखर होते. दोनच दिवसांनी डॉ. रेमंड ग्रीन, बर्नी आणि केसरसिंग हा स्थानिक भारवाहक अशी दुसरी तुकडीही माथ्यावर गेली.

या चढाईतली एक गोष्ट विजयाच्या गोष्टीइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेवटची काही पावले उरली असताना साहेबांनी लेवाला पुढे काढले आणि ढकलतच त्याला पहिल्यांदा माथ्यावर चढवले. ज्यांच्या पाठीवरून सगळी मोहीम वर आली, त्यांचा तो मान होता. मनाचा मोठेपणा खरा. पण त्याच लेवाला हिमदंश होऊन पायाची बोटे गमवावी लागली. मान आणि किंमत दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली. आजही मोहिमेची आखणी करताना लेवाचे पाय डोळ्यांसमोर ठेवले, तर पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतील.

याच मोहिमेचे लोक परतताना भ्युंदार खिंड ओलांडून फुलांनी भरलेल्या एका दरीत उतरले आणि 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'चे नाव जगभर झाले. पुढे होल्ड्सवर्थ डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये शिक्षक झाले. त्या शाळेच्या वातावरणात डोंगरांचे वेड लागलेल्या मुलांपैकी एक नरेंद्र धर जयाल. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य, आणि १९५५ मध्ये भारतीय तुकडी घेऊन कामेतवर गेले तेही तेच. अलीकडची सर्वांत गाजलेली चढाई मात्र २००८ सालची. काझुया हिराइदे आणि केई तानिगुची या दोघाच जपान्यांनी, छावण्यांचा पसारा न मांडता, कामेतचा आग्नेय कडा नव्या वाटेने सर केला. या चढाईबद्दल त्यांना 'पिओले दोर' हा गिर्यारोहणातला मानाचा पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारी तानिगुची ही पहिली स्त्री ठरली. तिचा २०१५ मध्ये जपानमधल्या डोंगरात, तर हिराइदेचा २०२४ मध्ये के-टूवर मृत्यू झाला. डोंगर कोणाचीही कीर्ती पाहून सवलत देत नाही.

धौलीच्या काठाने

कामेतची वाट जोशीमठहून सुटते. सरकारदरबारी या तालुक्याचे नाव २०२४ पासून ज्योतिर्मठ झाले आहे. पण दुकानदारांच्या आणि जीपवाल्यांच्या तोंडी जोशीमठच आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. जोशीमठचा बाजार जवळजवळ १,९०० मीटरवर भरतो. म्हणजे आपले सर्वांत उंच ठिकाण जेथे संपते, त्याच्याही वर या मोहिमेची सुरुवात होते. जानेवारी २०२३ मध्ये याच गावातल्या घरांना भेगा पडल्या, जमीन खचू लागली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. मोहिमेच्या खरेदीसाठी येथे थांबणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे, कारण ज्या माणसाकडून तो रॉकेल आणि बटाटे विकत घेतो, त्याचे घर कदाचित त्या यादीत असेल.

जोशीमठच्या खाली विष्णुप्रयागला अलकनंदा आणि धौलीगंगा यांचा संगम होतो. मलारीचा रस्ता धौलीच्या काठाकाठाने वर जातो. तपोवन मागे पडले की रैणी लागते. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातल्या बायका येथल्या जंगलात झाडे तोडणाऱ्यांच्या आड उभ्या राहिल्या आणि 'चिपको' हा शब्द सगळ्या जगाला कळला. याच रैणीपाशी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेतून चिखल, बर्फ आणि दगडांचा लोंढा आला. रोंती शिखराचा सुमारे पावणेतीन कोटी घनमीटर खडक आणि बर्फ तुटून खाली कोसळला होता. दोन जलविद्युत प्रकल्प त्याच्या तडाख्यात सापडले आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. वरती डोंगरात घडलेले खाली गावात किती मिनिटांत पोचते, याचा धडा धौलीच्या काठाने असा घेतलेला आहे.

रैणी आणि लाता ही नंदादेवीच्या अभयारण्याचीही दारे. हे सांगण्याचे कारण असे की, बेजबाबदार मोहिमांची किंमत काय असते ते या दोन गावांना चांगले ठाऊक आहे. १९७४ मध्ये नंदादेवीचा परिसर गिर्यारोहकांना खुला झाला आणि तेथे झुंबड उडाली. सरपणासाठी झाडे-झुडपे गेली, डबे आणि प्लास्टिक साचले. अखेर १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि शिखराकडची वाट बंद झाली. १९९३ साली लष्कराच्या तुकडीने तेथे जाऊन कचरा वाहून खाली आणला. कचरा करणारे आपापल्या शहरांत निघून गेले होते. चराईचा हक्क आणि हमालीचा रोजगार गेला तो मात्र लाता-रैणीच्या लोकांचा.

पुढे जुम्मा येते. येथून वर द्रोणागिरी गावाकडे पायवाट जाते. हनुमानाने संजीवनीसाठी डोंगरच उचलून नेला तो आमचा, म्हणून या गावात आजही हनुमानाची पूजा होत नाही. डोंगरातले काही उचलून नेणाऱ्यावर गावाचा राग इतकी युगे टिकतो, तर टाकून जाणाऱ्यांबद्दल गाव काय म्हणत असेल?

मलारी सुमारे तीन हजार मीटरवर आहे. त्यापुढे बांपा, गमशाली आणि शेवटी नीती. ही भोटिया लोकांची गावे. हिवाळ्यात ती जवळजवळ रिकामी होतात. माणसे, गुरे, मेंढरे सगळी खालच्या गावांत उतरतात आणि उन्हाळा लागला की परत येतात. एके काळी नीती खिंडीतून तिबेटशी व्यापार चाले. धान्य तिकडे जाई, मीठ आणि लोकर इकडे येई, आणि तीही मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्या लादून. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार बंद पडला. नकोसे ओझे उचलायचे नाही, प्रत्येक जनावराच्या पाठीवर त्याला झेपेल तेवढेच द्यायचे, हा हिशोब या लोकांच्या हाडामांसी खिळलेला आहे. शहरातून गोण्याच्या गोण्या भरून येणाऱ्या मोहिमांकडे नीतीची म्हातारी माणसे ज्या नजरेने पाहतात, त्यात थोडी करमणूकही असावी.

कागद आधी, दोर नंतर

कामेतसाठी पहिली पायरी दिल्लीत चढावी लागते. भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठान, म्हणजे आयएमएफ, या संस्थेकडे अर्ज करून शिखराची परवानगी घ्यावी लागते. परदेशी तुकडी असेल तर संपर्क अधिकारी बरोबर असतो. शिवाय हा सीमाभाग असल्याने 'इनर लाइन'चा परवाना जोशीमठच्या उपविभागीय कार्यालयातून मिळवावा लागतो, वनखात्याची नोंद वेगळी, आणि वाटेत भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्यांवर प्रत्येकाची कागदपत्रे तपासली जातात. बिनतारी संचाला परवाना हवा. उपग्रह फोन सरकारच्या परवानगीवाचून जवळ बाळगणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. परदेशातल्या मित्राने दिलेला फोन गुपचूप नेण्याचा मोह त्यामुळे टाळावा. या सगळ्याला काही महिने लागतात. "तेथे गेल्यावर बघू, ओळख निघेल," ही आपली राष्ट्रीय सवय कामेतच्या वाटेवर उपयोगी पडत नाही. पडली तर ती अधिकच वाईट, कारण चौकीतल्या जवानाला आपली नावे आणि परतण्याची तारीख माहीत असणे, हे शेवटी आपल्याच हिताचे असते.

संघात कोणाला घ्यायचे, हा कागदांहून नाजूक प्रश्न. ज्याने पैसे भरले तो आला, असे चालत नाही. गिर्यारोहण संस्थांचे प्राथमिक आणि पुढचे दोन्ही प्रशिक्षण झालेले असावे, सहा हजार मीटरवरच्या एक-दोन शिखरांचा अनुभव असावा आणि आपले शरीर उंचीवर कसे वागते ते स्वतःला ठाऊक असावे. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनजुंगावर गेले, ते काही एका उन्हाळ्याच्या तयारीवर नव्हे. आणि अनुभव असूनही डोंगर घात करू शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या ५,६७० मीटरच्या शिखरावर हिमप्रपात झाला. सापडले ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक. पंचविसाहून अधिक जणांचा बळी गेला. ज्यांचे कामच डोंगर शिकवणे, त्यांच्याबाबतीत हे घडले.

शरीराचे वेळापत्रक

आजकाल जीप नीतीपर्यंत जाते. जोशीमठहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी ३,६०० मीटरवर पोचू शकतो, आणि धोका नेमका येथेच सुरू होतो. रस्ता शरीराला विचारून वर चढत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून जाणता नेता मलारीला दोन रात्री काढतो, नीतीला पुन्हा थांबतो, दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला येतो. वसुधारा ताल या सुमारे ४,७०० मीटरवरच्या तळछावणीला पोचायला त्यामुळे आठवडाभर लागतो. उतावळ्यांना ते वेळ घालवणे वाटते.

डोके दुखणे, भूक मरणे, उलट्या होणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना वर जायचे नाही. पण बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचते आहे असे समजून त्याला तत्काळ, रात्र असली तरी, खाली उतरवायचे. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे वेळ मिळवून देतात. जीव वाचवते ती उतरलेली उंची. अडचण अशी की आजारी माणूस "मी ठीक आहे" असेच म्हणत राहतो. म्हणून प्रत्येकाची एकेका सोबत्याशी जोडी लावून देतात आणि सोबत्याचे म्हणणे शेवटचे मानतात. हे तळछावणीत ठरवून उपयोग नाही, घरीच, सर्वांसमक्ष ठरवावे लागते.

तळछावणीच्या वर पूर्व कामेत हिमनदीवरून एकामागून एक छावण्या लावत जायचे. मध्ये खडक आणि बर्फाच्या घळीतला खडा चढ आहे, तेथे दोर बांधावे लागतात. त्यावरची वाट मीड्स कोलपर्यंत पोचते. कोलवरून शिखर सहाशे-साडेसहाशे मीटर वर. कागदावर हा चढ सिंहगडाच्या चढाएवढा. पण तेथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो, तिबेटच्या पठारावरून वारा सुटतो आणि बुटाची नाडी बांधणे हेसुद्धा एक स्वतंत्र काम होऊन बसते.

स्वयंपाकघरातले गणित

गृहिणींना या मोहिमेतला सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे वाणसामानाची यादी. दहा माणसे, पस्तीस दिवस, माणशी रोज किलोभर अन्न धरले तर साडेतीनशे किलो झाले. एका भारवाहकाने पंचवीस किलो उचलायचे म्हटले, तर नुसत्या शिध्यासाठी चौदा माणसे. तंबू, दोर, इंधन, भांडी, औषधे यांचे ओझे वेगळे. आणि ते वाहणारी माणसेही जेवणारच, त्यांचा शिधा आणखी वेगळा. म्हणून एखादा डबा "असू दे, लागेल" म्हणून गोणीत टाकताना तो कोणाच्या तरी मानेवर बसणार आहे, याचे भान ठेवावे लागते.

पाच हजार मीटरच्या आसपास पाणी ८३-८४ अंशांनाच उकळते. तूरडाळ तेथे दिवसभर उकळली तरी शिजत नाही. प्रेशर कुकर हवाच, आणि कुकरची जादा रिंग व शिटी आठवणीने घ्यावी. ती हरवली तर नीतीच्या पुढे कोठे मिळणार? वरच्या छावण्यांवर तर बर्फ वितळवून पाणी करण्यातच तासन् तास आणि इंधन जाते. तेथे भूकही लागत नाही. गोडाचा तिटकारा येतो, आणि घरी कधी न आठवलेले मेतकूट-भात किंवा लिंबाचे लोणचे आठवू लागते. गूळपापडी, सातूचे पीठ, शेंगदाण्याची चिक्की, सूप, साळीच्या लाह्यांचा चिवडा अशा गोष्टी त्यामुळे महागड्या परदेशी पाकिटांपेक्षा अनेकदा उपयोगी पडतात.

पण काम येथे अर्धेच होते. उरलेले अर्धे म्हणजे सामानावरची वेष्टने. बिस्किटांचे पुडे, सूपची पाकिटे, नूडल्सच्या पिशव्या, सगळे घरीच उघडून कापडी किंवा पुन्हा वापरता येणाऱ्या पिशव्यांत भरले, तर कचऱ्याचा मोठा वाटा शहरातच राहतो. गॅसची नळकांडी, बॅटऱ्या, दोर, बर्फात ठोकायच्या पट्ट्या यांची जाताना मोजून नोंद करायची आणि येताना त्याच वहीवर मोजून घ्यायची. चाळीस नळकांडी वर गेली असतील तर चाळीस खाली आली पाहिजेत, रिकामी का असेनात. लाकूड जाळायचे नाही, भारवाहकांच्या स्वयंपाकालाही नाही. म्हणजे त्यांच्यासाठीही स्टोव्ह आणि रॉकेल आपणच न्यायचे. त्या उंचीवरचे जुनिपरचे झुडूप बोटाएवढे जाड व्हायलाही कितीतरी वर्षे घेते.

सभ्य पानांवर सहसा न येणारा विषयही येथे टाळता येत नाही. हिमनदीवर मलमूत्र कुजत नाही, ते गोठून राहते आणि बर्फाबरोबर खाली सरकत जाते. पूर्व कामेत हिमनदीचे पाणी धौलीगंगेला मिळते. धौली विष्णुप्रयागला अलकनंदेत, आणि अलकनंदा देवप्रयागला गंगेत. हरिद्वारहून तांब्याच्या गडूतून आणलेले जे पाणी आपण देव्हाऱ्यात ठेवतो, त्याचा एक धागा थेट त्या छावणीपर्यंत जातो. म्हणून तळछावणीत पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर खड्डा, आणि वरच्या छावण्यांवरून जाड पिशव्यांत भरून सगळे खाली आणणे, हाच मार्ग. ऐकायला किळसवाणे वाटते खरे. तान्ह्या मुलाचे सारे करणाऱ्या आयांना मात्र त्यात विशेष काही वाटू नये.

पाठीवरची माणसे

भारवाहक ठरवताना मजुरीवरून घासाघीस करणे, यात शहरी माणसाला फुशारकी वाटते. पन्नास रुपये वाचवणारा तो हुशार! पण त्या माणसाला बर्फात चालण्याजोगे बूट आहेत का, काळा चष्मा आहे का, रात्री अंगावर काय घेणार, हे विचारणारे कमी. चष्म्याविना हिमनदीवर एक दिवस काढला तरी डोळे भाजून निघतात. ओझे ठरल्यापेक्षा जास्त नसावे, ते सर्वांसमोर काट्यावर तोलावे, विमा उतरवलेला असावा, आणि आजारी पडला तर त्यालाही सदस्याइतकीच औषधे आणि खाली नेणारी सोबत मिळावी. खरेदी जोशीमठ-मलारीत करावी, माणसे शक्य तेथे नीतीच्या खोऱ्यातलीच घ्यावीत. यात दानधर्म नाही. हिमनदीची कोणती बाजू यंदा फाटली, नाला दुपारनंतर कोठे ओलांडता येत नाही, हे नकाशापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते.

मागे राहणाऱ्यांसाठी

मुलगा किंवा मुलगी कामेतला जाणार, हे ऐकून घरात दोन प्रकारचे आवाज उठतात. एक, "काही नको जायला" आणि दुसरा, "जा, नाव काढ". दोन्ही प्रेमापोटीच, आणि कामाचे दोन्ही नाहीत. घरच्यांनी विचारायला हवे ते असे, की तुमचा नेता कोण, त्याने पूर्वी कोणत्या मोहिमेतून शिखर न गाठता माणसे परत आणली आहेत? डॉक्टर बरोबर आहे का? विम्यात सुटकेचा खर्च आहे का? हेलिकॉप्टर येते ते हवा असेल तर, आणि तेही खालच्या छावण्यांपर्यंतच, हे तुला माहीत आहे ना? शेवटच्या दिवशी किती वाजता, जेथे असाल तेथून, मागे फिरायचे ठरले आहे?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनुभवी संघ निघण्याआधीच वेळ ठरवतात. समजा दुपारी एक. एक वाजला आणि माथा शंभर मीटरवर असला तरी फिरायचे. तीन वर्षे साठवलेले पैसे, कचेरीतून मुश्किलीने मिळालेली रजा, निरोप समारंभातले हार आणि पुरस्कर्त्याने दिलेला झेंडा हे सगळे त्या शंभर मीटरवर पायांना पुढे ओढत असतात. म्हणून हार-तुऱ्यांचा समारंभ जायच्या आधी करूच नये, असे सुचवावेसे वाटते. परत आलेल्यांचा करावा, मग ते माथ्यावर गेलेले असोत वा नसोत. आईने निघताना नुसते "शिखर झाले नाही तरी घरी आंबरस आहेच" एवढे म्हटले, तरी तो शंभर मीटरचा मोह पुष्कळ हलका होतो.

मलारीच्या पुढे मोबाईलचा भरवसा नाही आणि हिमनदीवर तो नसतोच. तेव्हा परतीची तारीख घरी सांगताना हवामानाचे पाच-सहा दिवस धरूनच सांगावी, आणि सर्व कुटुंबांसाठी शहरातला एकच माणूस नेमावा, ज्याच्याकडे बातमी येईल आणि ज्याच्याकडूनच ती जाईल. दहा घरांतून दहा ठिकाणी फोन फिरू लागले की अफवेला पाय फुटतात.

राहता राहिली परतीची हमाली. बहुतेक याद्यांत ती नसते. वर जाताना साडेतीनशे किलो शिधा होता, तो संपला, म्हणजे येताना माणसे कमी लागतील, असा सोपा हिशोब करून थोडेच भारवाहक परत बोलावले जातात. मग ओले झालेले, दुप्पट जड तंबू, भिजलेले दोर, रिकामी नळकांडी आणि कचऱ्याच्या गोण्या यांपैकी काहीतरी मागे राहते, आणि काय मागे राहते ते सांगायला नकोच. म्हणून नीतीहून वर निघतानाच परतीची तारीख आणि माणसांची संख्या ठरवून, निम्मे पैसे हातावर ठेवून, नावे वहीत लिहून घ्यायची. कचऱ्याच्या प्रत्येक गोणीसाठी एक पाठ आधीच राखून ठेवायची.